पाटी बघायची ती भोकापासून

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या जाहिरातींच्या पाट्यांचं संग्रहालय बघायला गेलात, की चित्राकडे मागाहून वळा. आधी खिळ्यांची भोकं बघा.

इनॅमलची पाटी म्हणजे लोखंडी पत्र्यावर वितळवलेली काच. काचेची भुकटी चढवून पत्रा सुमारे 800 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजायचा, आणि बहुधा दर रंगाला वेगळी भाजणी. म्हणून अक्षराच्या कडेला बारीकशी पायरी असते. तिरप्या उजेडात ती दिसते. छापील नकली पत्रा तिथे सपाट असतो.

वय सांगतो तो मजकूर. किंमत आण्यांत असेल तर पाटी बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीची. ‘नये पैसे’ असतील तर 1957 ते 1964 मधली. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर 1972 च्या आधीची नक्कीच नाही. अर्थात नक्कल करणारा जुना मजकूरही हुबेहूब उतरवतो, म्हणून मजकूर आणि कडा दोन्ही तपासायचं.

आता ती भोकं. स्क्रू जास्त आवळला की तिथली काच टवका होऊन उडते. उघड्या पडलेल्या लोखंडावर आपल्या खाऱ्या वाऱ्यातलं मीठ बसतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, गंज फुगतो आणि शेजारची चांगली काचही उचलून टाकतो. भोकाभोवती तपकिरी कडं दिसतं ते यामुळे.

तुमच्या दुकानावर अशी पाटी असेल, तर पितळेसारखी तिला चिंच-आमसूल लावू नका. आंबटाने रंगाची झळाळी जाते, लाल-पिवळ्याची तर लवकरच. राख आणि काथ्याही नको. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, सुती फडकं; मग लगेच पुसून पंख्याखाली वाळवा. उन्हात तापलेल्या पाटीवर गार पाणी ओतू नका. उघड्या पडलेल्या लोखंडावर, कोरडं झाल्यावर, मेणाचा पातळ हात द्या.

टांगताना जांभ्याच्या भिंतीला चिकटवू नका. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. मागे अर्ध्या इंचाच्या लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे वारा खेळेल. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, पत्र्याच्या पुढे-मागे नायलॉनचे वॉशर घाला आणि शेवटचा पीळ देऊच नका. बोट लावल्यावर पाटी जराशी हलली पाहिजे.