पूर्ण एक मिनिट

हर्णै बंदरावरचा लिलाव आटोपला की कोळणी पाट्या धुऊन घराची वाट धरतात. त्या वाटेवरून त्यांना उपकेंद्रात वळवायचं, हे आशाताईचं काम. "माका काय होतंय?" हे उत्तर तिला पाठ आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीला दुखतच नाही. म्हणून तर तपासायचं.

ही बाटली बघा. ९५ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, त्यात ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच ॲसिड, पण तीव्र. आधी पाणी, मग ॲसिड, आणि नीट ढवळून. ॲसिड न मिसळता तसंच राहिलं तर पोळतं. हे रोज सकाळी ताजं करायचं. शिळ्या द्रावणाने संशयास्पद जागी पांढरा डाग उमटत नाही आणि बाई "नॉर्मल" म्हणून घरी जाते.

"वाईच कळ काढा काकी, पाय सैल सोडा." स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारा चिमटा, कोमट पाण्यात ओला केलाय. बॅटरीचा उजेड पांढराच हवा, पिवळ्यात फिका डाग लपतो. आधी चिकट स्राव टिपून घेतला. आता द्रावणात भिजवलेला बोळा गर्भाशयमुखावर टेकवला. आणि पूर्ण एक मिनिट थांबायचं. सिस्टरची नजर सेकंदकाट्यावर आहे. बाहेर रांग वाढली की या मिनिटाची वीस सेकंदं होतात, आणि तपासणी फसते ती इथेच.

गर्भाशयमुखाच्या तोंडाशी, जिथे दोन प्रकारची त्वचा मिळते, तिथे दाट, रेखीव कडेचा पांढरा डाग आला तर पॉझिटिव्ह. म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. पुढे दुर्बिणीतून तपासणी, आणि गरज पडली तर तेवढाच भाग उष्णतेने जाळतात. पाळी गेलेल्या बाईत ती सीमारेषा आत सरकते. तिला डाग दिसला नाही म्हणून निर्धास्त सोडू नये, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावं.

मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर झालेल्या अभ्यासात हीच तपासणी दहावी शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली. या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्या उपकेंद्रात हे होऊ शकतं.

वय ३० ते ६५, दर ५ वर्षांनी. त्याच फेरीत स्तनांचीही तपासणी: तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलका, मग मध्यम, मग जोराचा दाब, थेट काखेपर्यंत. न दुखणारी गाठ आधी दाखवायची. मुलींना ९ ते १४ वयात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरची लस. तरीही तिशीनंतर तपासणी आहेच. उशीर झालेल्यांना मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलची वाट धरावी लागते.

पाच वाजले. सिस्टर उरलेलं द्रावण मोरीत ओततेय.