पूर्वज शोधायचा तर आधी त्याचं घर शोधा

नमस्कार श्रोतेहो.

इंग्रज अमदानीतल्या आपल्या पणजोबांचा, खापरपणजोबांचा माग काढायला निघालेली बरीच माणसं मला भेटतात. हातात वंशावळीचा कागद असतो आणि एकच प्रश्न असतो, हे नाव कुठल्या दप्तरात मिळेल? मी त्यांना आधी विचारते, ते राहत कुठे होते? गाव नको, घर सांगा. कुठली आळी, कुठल्या देवळामागे, शेजारी कोण होतं?

आपल्याकडे नुसत्या नावावरून माणूस शोधणं फार कठीण आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे चार पिढ्यांत दोन विठोबा आणि दोन गणेश सहज निघतात. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ कागदांत आडनाव लिहिलेलंच नसतं, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. इंग्रजी कागद असेल तर आणखी पंचाईत. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं ते नाव लिहिलं जाई. लक्ष्मण कुठे ‘एल-ए’ने सुरू होतो, कुठे ‘एल-यू-एक्स’ने, आणि अक्षरानुक्रमाच्या यादीत दोघे एकमेकांपासून किती तरी पानं लांब जाऊन बसतात. घर मात्र जागचं हलत नाही. ते पडतं, पुन्हा बांधलं जातं, हात बदलतं, पण ज्या तुकड्यावर ते उभं होतं त्याच्यावर पट्टी बसत होती. म्हणून त्याची नोंद दर पिढीला कुणीतरी ठेवलेली आहे.

तर सुरुवात करायची ती नगर भूमापन कार्यालयातून. आज त्या जागेची जी मिळकत पत्रिका आहे, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, ती काढा. आज तिथे बारा मजली इमारत असली तरी चालेल. पत्रिकेवरच्या नोंदी खालून वर वाचत गेलात की जुना धारक सापडतो. त्याच्याही मागे जायचं असेल तर ‘चौकशी नोंदवही’ मागा. शहराची पहिली मोजणी झाली तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक घरमालकाला विचारलं होतं, ही जागा तुमच्याकडे आली कशी? मालकाने काय सांगितलं, कुठला कागद दाखवला, शेजाऱ्याने कुठल्या भिंतीवर हरकत घेतली, याचा गोषवारा त्या वहीत असतो. आपल्या माणसाने तोंडाने सांगितलेली गोष्ट सरकारी कागदावर उतरलेली अशी ही फार थोड्या जागांपैकी एक आहे, आणि तिच्याकडे कुणी वळतच नाही याचं मला वाईट वाटतं.

या नोंदींमधली संक्षिप्त रूपं तेवढी ओळखायला शिका. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या एकट्याच्या नावामागे सगळे भाऊ उभे असतात. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. एखाद्या बाईच्या नावापुढे ते दिसलं तर समजा, नवरा मुलं लहान असतानाच गेला.

मुंबई बेटावर थोडी जास्त मेहनत पडते. इथे एकाच जागेला अनेक नंबर असतात. कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, मग १८६५ नंतर कर्नल लॉटन यांनी केलेल्या मोजणीचा नंबर, आणि विसाव्या शतकातला कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर. शिवाय नगरपालिकेचा घर नंबर आणि रस्त्याचा नंबर वेगळाच. पण जुन्या खरेदीखतांच्या शेवटी जे परिशिष्ट असतं त्यात हे नंबर बहुधा एकापाठोपाठ एक दिलेले असतात, आणि त्या एका परिच्छेदावरून तुम्ही एका काळातून दुसऱ्या काळात जाऊ शकता. जमिनीचा प्रकारही तिथेच कळतो. ‘पेन्शन अँड टॅक्स’ असं दिसलं तर त्या जमिनीचा हक्क १६७४ साली गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांच्या काळात झालेल्या करारापर्यंत मागे जातो.

आता नोंदणी. १८६४च्या कायद्यानंतर दस्त नोंदवायची पद्धत सगळीकडे रुजली. आज चालू असलेला कायदा १९०८चा. सब-रजिस्ट्रारकडे एक नंबरच्या पुस्तकात स्थावर मिळकतीचे दस्त, तीन नंबरच्या पुस्तकात मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याची अधिकारपत्रं. एक नंबरचं पुस्तक आणि त्याच्या सूच्या कुणालाही पाहता येतात. मृत्युपत्राची नक्कल, करणारा माणूस मरण पावला असेल तर कुणीही अर्ज करून मागू शकतो. हा तुमचा हक्क आहे. खिडकीवर कुणी ‘तुमचा काय संबंध’ म्हणालं तर शांतपणे कलम ५७ सांगा. सूच्यांमध्ये इंडेक्स वन नावावरून आणि इंडेक्स टू मिळकतीवरून. मघाशी म्हटलं ते यासाठीच, घराचा ठावठिकाणा हाती असला की इंडेक्स टूमधून माणूस निघतो. ऑनलाइन शोध अलीकडच्या दशकांपुरताच चालतो, त्याआधीची पुस्तकं हातानेच चाळावी लागतात.

दस्त हातात आला की बहुतेक जण रक्कम आणि तारीख बघतात. मी आधी चतुःसीमा बघते. पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस सरकारी गल्ली, पश्चिमेस तमक्याची पडीक जागा. तुमच्या पूर्वजाचा दस्त सापडत नसेल तर शेजाऱ्याचा शोधा, त्याच्या चतुःसीमेत तुमचा माणूस उभा असतो. आणि शेजाऱ्याच्या दोन दस्तांत, वीस वर्षांच्या अंतराने, एकदा ‘अमुक याचे घर’ आणि नंतर ‘मयत अमुक याच्या विधवेचे घर’ असं आलं, तर मृत्यूचा काळही हाती येतो.

पुण्यात अनेक घरांतून ऐकू येतं, आमचे कागद १९६१ साली पानशेतच्या पुरात गेले. नदीकाठच्या पेठांत ते खरंच घडलं. पण पुरात गेली ती घरातली प्रत. दस्त नोंदवलेला असेल तर त्याची नक्कल रजिस्टरात उतरवून घेतलेली असते. ती मागायला हवी.

मृत्युपत्राकडे वळू या. पहिली गोष्ट अशी की आपल्या प्रत्येक पूर्वजाने मृत्युपत्र केलेलं नसतं, आणि त्याला कारण कायद्यातच आहे. एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा त्या काळी हिंदू माणसाला मृत्युपत्राने कुणाला देता येत नसे. देता येई ती स्वकष्टार्जित मिळकत. म्हणून जो मृत्युपत्र करी तो सुरुवातीलाच लिहून ठेवी की ही मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे, मी अमुक गावाहून आलो, येताना वडिलोपार्जित काही आणलं नाही, अमुक ठिकाणी चाकरी केली, अमुक साली जागा घेतली. भाऊबंदांनी उद्या हिस्सा मागू नये म्हणून लिहिलेल्या या पाच-सात ओळी म्हणजे त्या माणसाचं त्याच्याच तोंडून आलेलं चरित्र असतं.

दुसरं, मुंबई शहरात १ सप्टेंबर १८७०पासून हिंदूंचं मृत्युपत्र लेखी, सहीनिशी आणि दोन साक्षीदारांसमोर करणं आवश्यक झालं. शहरातल्या स्थावर मिळकतीपुरता हाच नियम बाहेरगावच्या माणसालाही लागू होता. त्यामुळे कोकणात वारलेल्या, पण गिरगावात घर असलेल्या माणसाचं मृत्युपत्र मुंबईत सापडू शकतं. मुंबईबाहेर मात्र १९२७ साल उजाडेपर्यंत हिंदू माणसाचं तोंडी मृत्युपत्रही चालत असे. सातारा किंवा नगरकडचा पूर्वज असेल आणि मृत्युपत्र मिळत नसेल, तर त्याने काहीच सांगून ठेवलं नाही असं धरून चालू नका. माणसं बोलावून सांगितलं असेल. मग तंटा झाला असेल तर ते शब्द दिवाणी कोर्टातल्या साक्षींमध्ये मिळतात.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झालं. त्याच्याकडच्या प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याच्या, कागदांत मृत्युपत्राबरोबर अर्जही असतो, त्यात मृत्यूची तारीख आणि ठिकाण असतं. मूळ मृत्युपत्र मोडीत असलं तर सोबत त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलेलं असतं, मोडी न येणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. आणि असते ती मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यवस्थापकाने सहा महिन्यांच्या आत द्यायची मालमत्तेची यादी. तांब्याची घंगाळं, समया, एक शिसवी पलंग, एक घड्याळ, कुणाकडून येणं, वाण्याचं देणं. त्या यादीतून घराच्या खोल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात.

आता माझ्या माहेरच्या घराण्यातलं एक उदाहरण सांगते, नावं न घेता. आमच्या खापरपणजोबांचं मुंबईत घर होतं. ते गेल्यावर त्यांच्या दुसऱ्या बायकोने, म्हणजे पणजोबांच्या सावत्र आईने, ते विकून खाल्लं, असं आमच्याकडे चार पिढ्या सांगितलं गेलं. आणि त्याच वेळी असंही सांगत की तिला सरकारची पेन्शन होती. वंशावळीत तिला जागाच नव्हती. खापरपणजोबांच्या नावाखाली फक्त पहिली बायको.

मृत्युपत्र मिळालं तेव्हा पहिली गोष्ट कळली ती अशी की खापरपणजोबा कधी सरकारी नोकरीत नव्हतेच. कापसाच्या एका पेढीवर मेहता, म्हणजे हिशेबनीस, होते. मग बायकोला पेन्शन कुठली? मृत्युपत्रात घर त्यांनी बायकोला तिच्या हयातीपुरतं दिलं होतं. राहावं, वरच्या मजल्याचं भाडं घ्यावं, विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार नाही, आणि तिच्यामागे घर मुलाला. मागच्या अंगणातल्या विहिरीवर पाणी भरण्याची तिची वहिवाट कुणी अडवू नये, हेही त्यांनी स्वतंत्र कलम घालून लिहिलं आहे. माणूस गेल्यावर घरात बाईची कशी अडवणूक होते, हे त्यांना माहीत होतं.

घराचं पुढे काय झालं हे मृत्युपत्र सांगू शकत नव्हतं, ते घराच्या कागदांनी सांगितलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले गेले. त्यासाठी हजारो लोकांच्या जागा संपादन झाल्या. अशाच एका रस्त्यात आमचं घर गेलं. ते विकलं गेलेलंच नव्हतं. आणि १८९४च्या भूसंपादन कायद्यात एक कलम होतं, ३२ नंबरचं. ज्याच्याकडे मिळकत आहे पण ती विकण्याचा अधिकार नाही, अशा व्यक्तीच्या हातात मोबदल्याची रक्कम द्यायची नाही. ती सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित जागी गुंतवायची आणि त्या व्यक्तीला फक्त व्याज द्यायचं. आमच्या घरात ‘सरकारची पेन्शन’ म्हणून जे सांगत आले, ते हे व्याज. सहा-सहा महिन्यांनी ती ते घेत होती. मुद्दलाला तिला हात लावता येत नव्हता आणि तिने लावलाही नाही. ती वारल्यावर पणजोबांनी अर्ज केला आणि सगळे रोखे त्यांना मिळाले. त्याच पैशातून पुण्यातली जागा घेतली गेली, जिथे माझे वडील वाढले.

मृत्युपत्र एकटं वाचलं असतं तर तिच्यावरचा आळ तसाच राहिला असता, कारण घर गेलं ते गेलंच होतं. घराचे कागद एकटे पाहिले असते तर मोबदला तिच्या हातात का दिला नाही हे कळलं नसतं. श्रोतेहो, म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की हे दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचा. विशेषतः ज्या घरात कुठल्या विधवेबद्दल, सावत्र आईबद्दल, दत्तक मुलाबद्दल काही वाईट बोललं जातं, तिथे तर वाचाच. ती माणसं आपली बाजू लिहून ठेवण्याच्या स्थितीत नव्हती. आमच्या वंशावळीत ती आता खापरपणजोबांच्या नावाशेजारी, मृत्यूच्या तारखेसह आहे. ती तारीखही पणजोबांच्या त्या अर्जातच मिळाली, दुसरीकडे कुठेही नव्हती.

गावाकडचा पूर्वज असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथे कडईपत्रक आणि फेरफार या जमिनीच्या जुन्या नोंदी आणि जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक पाहा. काही जिल्ह्यांतले जुने अभिलेख स्कॅन होऊन भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर आले आहेत. घर इनामावर असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे आपलं पेशवे दप्तर. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणारी माणसं पुन्हा पुढे आली आहेत, तालुक्याच्या गावीसुद्धा कुणी ना कुणी भेटतं. पूर्वज युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्यातली मृत्युपत्रं आहेत.

आणि साक्षीदारांची नावं सोडू नका. आमच्या मृत्युपत्रावर दोन सह्या आहेत. एक पेढीवरच्या सहकाऱ्याची. दुसरी मोडीत, खाली पत्ता ठाकूरद्वारचा, आणि तो माणूस त्या दुसऱ्या बायकोचा सख्खा भाऊ निघाला. तिचं माहेर कोणतं हे आम्हाला माहीत नव्हतं. आता त्या ठाकूरद्वारच्या घराचा जुना नंबर मी शोधते आहे. लॉटनच्या मोजणीतला नंबर मिळाला की इंडेक्स टू उघडता येईल.

नमस्कार.