जिताड्याच्या पोटात काय निघालं?

(दिवाळे गाव, बेलापूर. मासळीचा ओटा. विळीवर जिताडा.)

खवले निघाले, पोट फाडलं. आतडी टाकायच्या आधी मासळीवाल्या मावशी बोटानं चाचपतात. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, नाही. पण अख्खी बोय मासळी निघाली! शेपटी शाबूत, डोकं विरघळायला लागलेलं. म्हणजे डोक्याकडून गिळली असणार.

मत्स्यशास्त्रज्ञही हेच करतात, फक्त वहीत लिहून ठेवतात. मांस जिरलं तरी डोक्यातला चुन्याचा बारीक खडा, कर्णाश्म, बराच वेळ टिकतो. त्याच्या आकारावरून गिळलेला मासा ओळखता येतो.

(कॅलिफोर्नियाचा समुद्र. पाण्याखालचं दृश्य.)

इथे खडकांवर केल्प वाढतं, झाडांएवढं उंच समुद्री शेवाळ. रॉकफिशची पिल्लं त्याच्या पात्यांत लपतात. खाली कपारीत लिंगकॉड हा शिकारी मासा दबा धरून बसलेला असतो. केल्पला थंड पाणी, उजेड आणि धरून राहायला खडक लागतो. आपल्या ठाणे खाडीत तिन्हींची बोंब! तिथे गढूळ, कोमट पाणी आणि गुडघाभर चिखल.

(ऐरोली. भरती चढतेय, तिवरांची मुळं बुडतायत.)

२०१५ साली या खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. तेव्हापासून सगळे कॅमेरे गुलाबी पक्ष्यांवर. पाण्याखाली कोण कोणाला खातं, ते विचारायचं कोळ्यांना.

भरतीबरोबर बारीक मासळी तिवरांत शिरते. तिथे केल्पसारखाच आडोसा मिळतो आणि कुजलेल्या पानांचा गाळही. बोय हा गाळच खाते. तिच्या जठराचा एक भाग कोंबडीच्या पेट्यासारखा जाड असतो, त्यात वाळूबरोबर खाणं दळलं जातं. निवटी ही चिखलातली मासळी ओहोटीला चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ खरवडते.

या सगळ्यांवर जिताड्याचा डोळा. लहानपणी त्याचा भर कोळंबीवर, मोठेपणी माशांवर. आयुष्याची सुरुवात तो नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे थोराड जिताडा बहुधा मादीच.

(ओट्यावर शिंगाळा.)

याचं पोट मात्र रिकामं. उपासमार? तसं नाही. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात घेऊन फिरतो, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. म्हणून शिंगाळ्याचं पोट रिकामं निघालं, तर नोंद करण्याआधी त्याचा जबडाही उघडून बघावा लागतो.