दहापैकी किती? अंतिम सामना आणि गुणांचा घोळ

सामना संपला रे संपला की दहापैकी गुण वाटायला सुरुवात होते. जिंकलेल्यांना आठ-नऊ, हरलेल्यांना पाच-सहा. म्हणजे गुण निकालाला द्यायचे आणि समोर नाव मात्र खेळाडूचं लिहायचं! हे मला पटत नाही. का पटत नाही, ते महिला फुटबॉलच्या दोन अंतिम सामन्यांवरून सांगतो. दोन्ही सामने स्पेन आणि इंग्लंडचेच.

पहिला सिडनीतला, २० ऑगस्ट २०२३ चा विश्वचषक अंतिम सामना. स्पेननं तो १-० असा जिंकला. एकमेव गोल २९व्या मिनिटाला ऑल्गा कार्मोनाचा, आणि सामन्याची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. पण तो गोल जरा मागे नेऊन पाहा. इंग्लंडची ल्युसी ब्रॉन्झ उजवी बाजू सोडून चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यात घुसली आणि स्पेनच्या गराड्यात चेंडू गमावून बसली. तेरेसा आबेयेरानं एका लांब पासनं खेळ डावीकडे वळवला. ब्रॉन्झनं मोकळी सोडलेली जागा नेमकी तिथंच होती. मारिओनानं चेंडू पुढे नेला, मागून धावत आलेल्या कार्मोनाला दिला, आणि तिनं डाव्या पायानं दूरच्या कोपऱ्यात जमिनीलगत फटका मारला.

आता ब्रॉन्झचे किती गुण कापायचे? चेंडू गमावला, ते कापावेच लागतील. पण ती आत घुसल्यावर तिची जागा झाकायची कोणी, हा प्रश्न अख्ख्या संघाचा आहे. आणि आबेयेराचा तो पास? गोलाच्या नोंदीत तिचं नावसुद्धा येत नाही. माझ्या वहीत त्या हल्ल्याचे सर्वाधिक गुण तिला आहेत, कारण मोकळी जागा सगळ्यात आधी तिला दिसली.

तीच गोष्ट इंग्लंडची आघाडीची खेळाडू अलेसिया रुसोची. मध्यंतराला प्रशिक्षक सरीना विगमननं तिला बाहेर बसवलं. लगेच आपण म्हणतो, आघाडीत काही जमलं नाही. अहो, पण तिच्यापर्यंत चेंडू आला किती वेळा? मधल्या फळीत इंग्लंडच्या केइरा वॉल्शची कोंडी झाली होती. आघाडीच्या खेळाडूला गुण देताना आधी तिची रसद तपासावी.

इंग्लंडच्या गोलरक्षक मेरी अर्प्सनं दुसऱ्या सत्रात स्पेनच्या जेनी एर्मोसोची पेनल्टी अडवली आणि सामना जिवंत ठेवला. संघ हरला म्हणून तिचा अर्धा गुणही कापायला मी तयार नाही. स्पर्धेतली सर्वोत्तम गोलरक्षक तीच ठरली, हे ठीकच झालं.

दुसरा सामना बाझेलचा, २७ जुलै २०२५, युरो म्हणजे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा. मारिओनाच्या गोलला रुसोनं हेडरनं उत्तर दिलं, जादा वेळेतही १-१ कायम राहिलं आणि इंग्लंडनं शूटआउट, म्हणजे आळीपाळीनं पेनल्टी मारण्याचा निकाली टप्पा, ३-१ नं जिंकलं. रुसोला त्या गोलसाठी क्रॉस, म्हणजे बाजूनं गोलसमोर पास, देणारी क्लोई केली पहिल्या सत्रातच जखमी लॉरेन जेम्सच्या जागी आली होती. निर्णायक पेनल्टीही केलीचीच. म्हणून तिला दहा? मी आठ देईन, आणि त्यातला मोठा वाटा क्रॉसचा. पेनल्टीत धीर दिसतो, सामन्याचं वाचन दिसत नाही. इंग्लंडच्या गोलरक्षक हॅना हॅम्प्टननं शूटआउटमध्ये स्पेनच्या मारिओना आणि ऐताना बोनमाती दोघींना रोखलं आणि ती सामन्याची मानकरी झाली. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र शूटआउटचा हिशेब १२० मिनिटांच्या हिशेबात मिसळू नये.

सामन्यानंतर कळलं, की ब्रॉन्झ स्पर्धाभर पायाचं हाड मोडलेलं असताना खेळत होती. ऐकून कुणाचाही ऊर भरून येईल. पण तेवढ्यासाठी गुण वाढवायचे का? माझं उत्तर, नाही. तिच्या हिमतीला सलाम वेगळा करावा. तिनं अडवलेले, सोडलेले हल्ले हे कळण्याआधी होते तितकेच आहेत.

आणि बोनमाती? तिची पेनल्टी अडली, स्पेन हरलं, तरी युरोची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. त्या निवडणाऱ्यांनी निदान एका फटक्यावरून अख्खी स्पर्धा मोजली नाही.