ओव्हनला हुद्दा कळत नाही

(शिक्षकांच्या एका अभ्यासवर्गात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

आयोजकांनी फोनवर विषय सांगितला, 'शिक्षकाचा फावला वेळ', आणि मला हसूच आलं. फावला वेळ आहे कुणाकडे? तुमच्यातले निम्मे जण आत्ता इथे बसून तपासायच्या राहिलेल्या वह्या मनातल्या मनात मोजताहेत. तेव्हा फावल्या वेळाबद्दल नाही, दोन साध्या गोष्टींबद्दल बोलते. वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून मी त्या करत असते. एक म्हणजे घरी केक किंवा पाव भाजणं. दुसरी म्हणजे सकाळी निघून दिवेलागणीला घरी पोचता येईल एवढ्याच अंतरावर भटकून येणं.

छंद जोपासा, मन ताजंतवानं राहतं, हे मला सांगायचं नाहीये. ते आपल्याला प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी सांगतं आणि सांगून झाल्यावर एक फॉर्म भरायला देतं. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आपण दिवसभर वर्गात प्रश्न विचारतो आणि त्यातल्या जवळपास सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला आधीच ठाऊक असतात. वर्गाबाहेर कुणी असं बोलत नाही. रस्त्यात एखाद्याने आपल्याला वाट विचारली, आपण सांगितली आणि तो म्हणाला, 'शाबास, बरोबर!', तर आपण त्याच्याकडे कसं बघू? आपण मात्र वर्षानुवर्षं हेच करतो आणि त्याचा पगार घेतो. यात होतं काय, की आपल्याला काही माहीत नसणं म्हणजे काय असतं, याची सवयच मोडते. मग समोरचं मूल चाचपडत असलं की ते चुकतंय एवढं दिसतं, पण नेमकं कुठे अडलंय ते दिसेनासं होतं.

आधी ओव्हनबद्दल. वर्गात माझ्या आवाजाला थोडीफार किंमत आहे. ओव्हनचं दार लागलं की तिथे माझं काही चालत नाही. डोळे वटारता येत नाहीत, की 'घाई करू नकोस, नीट आठव' म्हणून धीर देता येत नाही. तीस-पस्तीस मिनिटांनी जे बाहेर येईल ते निमूट स्वीकारायचं. पण आलेला केक बघायला शिकलं, तर तो बरंच काही सांगतो. मध्येच खचलाय? मग आत कच्चा राहिलाय, किंवा दार फार लवकर उघडलंय, किंवा बेकिंग पावडर जास्त पडलीय. भसकन फुगला आणि पेलवला नाही. डोंगरासारखा वर येऊन तडकलाय? मग आच जास्त होती. कडा आधी घट्ट झाल्या, मधलं मिश्रण मागाहून फुगलं आणि त्याला वर जाण्याशिवाय वाट उरली नाही. कापल्यावर आत उभी लांबट भोकं दिसली, तर मैदा पडल्यानंतर फेटत बसलात; ग्लूटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी, तयार झालं. तोंडात साबणासारखी चव आली, तर सोड्याला पुरेसं आम्ल मिळालं नाही.

म्हणजे 'बिघडलेला केक' असं काही नसतंच. अमुक कारणाने अमुक तऱ्हेने बिघडलेला केक असतो. उत्तरपत्रिकेवर आपण फुली मारून पुढे जातो. केकवर फुली मारून भागत नाही, घरच्यांना तो खावा लागतो.

आता हीच नजर वहीकडे वळवा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. हे उत्तर तुम्ही सगळ्यांनी तपासलंय. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. फुली! पण मूल हे हवेतून आणत नाही. एका चाचणीत त्याला २ पैकी १ गुण मिळाला, दुसऱ्या चाचणीत ३ पैकी १ मिळाला, तर प्रगतिपुस्तकावर आपण एकूण काय लिहितो? ५ पैकी २. आपल्याच सहीने! गुणांची बेरीज तशी होते, कारण तिथे प्रत्येक वेळी 'पूर्ण' वेगळं आहे आणि आपण दोन्ही पूर्ण एकत्र करतोय. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण एकच असतं. पोराचा नियम खोटा नाही, तो चुकीच्या जागी वापरलाय. हे त्याला दाखवायला पाच मिनिटं लागतात आणि फुली मारायला एक सेकंद. त्या पाच मिनिटांचा धीर मला खचलेल्या केकांनी दिला, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे मापं. एक कप मैदा म्हणजे किती? चमच्याने हलक्या हाताने कपात भरून वरून सपाट केला, तर १२० ग्रॅमच्या आसपास. तोच कप डब्यात खुपसून भरला की सहज १५० ग्रॅम. कप तोच, पाककृती तीच, आणि मैद्यात पाव हिश्शाचा फरक! मग दोघी मैत्रिणी फोनवर वाद घालतात की तुझी रेसिपीच खोटी आहे. पंचवीस शाळा, एकच अभ्यासक्रम आणि निकाल पंचवीस तऱ्हेचे, यावर आपल्याकडे होणाऱ्या चर्चा मला साधारण याच जातीच्या वाटतात, पण तो विषय आज नको.

ओव्हनच्या बटणावर लिहिलेल्या तापमानावरही माझा विश्वास नाही. घरगुती ओव्हनची तबकडी बरेचदा आतल्या खऱ्या तापमानाशी जुळत नाही. थर्मामीटर नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घ्या, तबकडी १७५ वर ठेवून ओव्हन चांगला तापू द्या, वाटी आत ठेवा आणि पंधरा मिनिटं थांबा. साखर वितळली नाही पाहिजे. मग दुसऱ्या वाटीत नवी साखर घेऊन १९० वर तेच करा. आता वितळली पाहिजे. १७५ लाच पाणी झालं, तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापतो. १९० लाही तशीच राहिली, तर कमी तापतो. मापन करण्याआधी मापाचं साधन तपासायचं असतं, हे मी प्रयोगशाळेत कितीदा तोंडाने सांगितलंय. ते अंगी लागलं साखरेच्या वाटीमुळे.

आणि एक कोडं, मला फार आवडणारं. ओव्हन २०० अंशांवर आहे. पाव त्यात अर्धा तास आहे. पावाच्या पोटात तापमान किती? बहुतेक जण म्हणतात, दोनशेच्या जवळपास. नाही. शंभराच्या वर जातच नाही. पावाच्या आत पाणी आहे, आणि पाणी आहे तोवर उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते. नीट भाजलेल्या पावाचा गाभा पंच्याण्णवच्या आगेमागे असतो. बाहेरचा पापुद्रा मात्र सुकतो, सुकला की शंभराच्या वर जातो, आणि मग तो खरपूस रंग आणि वास येतो. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखरा यांच्यातली ही प्रक्रिया लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. पांढरा मऊ गाभा आणि तांबूस पापुद्रा ही एकाच कणकेची दोन रूपं, फक्त पाणी कुठे टिकलं आणि कुठे उडालं यावर ठरलेली.

हे सगळं नवं नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा काढली, तिथे मुलं स्वयंपाक करत. अंडी शिजवण्याआधी कोणत्या तापमानाला अंड्याच्या पांढऱ्याचं काय होतं, हे ती पाहून घेत. ड्यूईंनीच नोंदवलंय, की एका मुलाने विचारलं, एवढा खटाटोप कशाला, सरळ पाककृती बघून केलं तर काय बिघडलं? बाईंनी उलट विचारलं, पाककृती आली कुठून?

बरं, आता भटकंती.

एका दिवसाची सहल म्हटलं की लोकांना प्रेक्षणीय स्थळ लागतं. फलक, तिकीट, फोटोची जागा. मला असं स्थळ नकोच असतं, कारण तिथे काय बघायचं ते आधीच ठरलेलं असतं. तो पुन्हा वर्गच झाला. घराजवळचा ओढा, टेकडी, गावाबाहेर जाणारी जुनी वाट, एवढं मला पुरतं. बंधन एकच, संध्याकाळी परत यायचं. त्यामुळे हिशेब करावा लागतो, आणि गणिताच्या बाईला तो आवडतो. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा दिला, तो आजही वापरात आहे. आपल्या मापात सांगायचं तर सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्तीचा. दहा किलोमीटरची वाट आणि ३०० मीटरचा चढ असेल तर अडीच तास. यात बसणं, डबा खाणं, फुलाकडे बघत थांबणं धरलेलं नाही. आम्ही शिक्षक लोक थांबतोच, म्हणून मी दीडपट धरते.

परतीच्या वेळेला हात उपयोगी पडतो. हात लांब करून मूठ धरली तर ती डोळ्यापुढे सुमारे १० अंश व्यापते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे सूर्य आणि क्षितिज यांच्यात एक मूठ मावत असेल तर साधारण चाळीस मिनिटं उरलीत. सूर्य तिरका मावळत असेल तर थोडी जास्त. मात्र सूर्याकडे टक लावून बघायचं नाही.

आता ओढ्याचं सांगते. आमच्या घराजवळच्या ओढ्याला एक वळण आहे. वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचा सपाट पट्टा आहे आणि बाहेरच्या बाजूला काठ कापल्यासारखा उभा, झाडांची मुळं उघडी पडलेली. कारण पुस्तकात होतं. बाहेरच्या बाजूला पाणी जोरात असतं, तिथे माती खरवडते. आत संथ असतं, तिथे गाळ साचतो. मी ते शिकवतही होते. तिथे बसून पाहिलं तेव्हा प्रश्न पडला, की हे खरंच दिसतं का? दहा मीटर अंतर पावलांनी मोजलं आणि एकाच वेळी दोन पानं सोडली, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. बाहेरचं पान सरळ पुढे निघालं. आतलं रेंगाळलं, गोल फिरलं आणि चक्क मागे आलं! आतल्या काठाशी पाणी उलटं वाहत होतं, आणि हे माझ्या धड्यात कुठेच नव्हतं. भोवरा कुठे सुरू होतो, एक अर्धवट बुडालेला दगड त्याला कारण आहे का, पाणी वाढल्यावरही तो राहतो का? मी पुढच्या महिन्यात परत गेले, पावसानंतर परत गेले. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणं हे लांबच्या सहलीत जमत नाही. जवळच्या भटकंतीचा खरा फायदा तो.

हेही जुनंच आहे. स्वित्झर्लंडमधल्या इव्हर्डन इथे पेस्टालोत्सी या शिक्षणतज्ज्ञांची शाळा १८०५ पासून वीस वर्षं चालली. तिथल्या एका विद्यार्थ्याने आठवण लिहून ठेवलीय. मास्तर मुलांना जवळच्या एका नदीच्या खोऱ्यात नेत. खोरं सगळ्या बाजूंनी नीट पाहून झालं, की तिथलीच चिकणमाती गोळा करून आणायची आणि शाळेतल्या लांब टेबलांवर त्या खोऱ्याची प्रतिकृती करायची. काम अडलं, की परत जाऊन बघून यायचं. नकाशा हातात मिळे तो हे सगळं पुरं झाल्यावर. आपण नेमकं उलटं करतो. नकाशा आधी, मग नकाशावर प्रश्न, आणि खोरं? ते ऐच्छिक!

सहलीच्या कृतिपत्रिकांबद्दल मात्र माझं मत कडवट आहे. मुलांच्या हातात वीस रकान्यांचा कागद दिला की ती ओढ्याकडे पाठ करून कागद भरतात. रकाना भरला की बघणं संपलं. न्यायची तर रिकाम्या हाताने न्या. फार तर एक दोरी आणि थोडी पानं.

आता प्रश्न घेऊया. पहिली चिठ्ठी आहे, 'हे वर्गात कसं आणायचं?' माझं उत्तर, निदान वर्षभर आणू नका. केक केला की त्यावर पाठ, फिरून आलं की त्यावर प्रकल्प, ही आपली खोड आहे. आपल्याला आलेला प्रत्येक अनुभव आपण लगेच फळ्यावर मांडतो आणि मग तोही उत्तर माहीत असलेला प्रश्न होऊन बसतो. तुम्हाला स्वतःला काहीतरी कळू द्या आधी. वर्गात यायचं ते आपसूक येतं.

दुसरा प्रश्न, एकटीने जाता का? कधी एकटी, कधी एखाद्या सहकारी बाईंबरोबर. एकच अट, वाटेत शाळेचा विषय काढायचा नाही. ती दोघींकडूनही पाळली जात नाही. एकटी असले तर कुठे चाललेय आणि कितीला येईन, हे घरी सांगून निघते.

शेवटची चिठ्ठी, 'ओव्हन नाही, तर काय?' जाड बुडाचं मोठं पातेलं आणि घट्ट बसणारं झाकण घ्या. आत तिवई ठेवा, पाणी घालू नका, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग केकचं भांडं तिवईवर ठेवून आच मंद करा. खालून जास्त लागतं आणि वरून रंग कमी येतो, कारण वरून धग नाही. वेळही ओव्हनपेक्षा थोडा जास्त लागेल. आणि पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडून बघायचं नाही, कितीही वाटलं तरी.