कॅमेऱ्याच्या हाकेला ओ

(पडद्यावर : पांढऱ्या पार्श्वभूमीसमोर बसलेल्या मुलीचे पासपोर्टसाठीचे उभे छायाचित्र. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत काळी पट्टी.)

या छायाचित्रात चेहरा स्वच्छ आला आहे, रंगही बरोबर आहेत, पण कडेच्या या काळ्या पट्टीमुळे ते फुकट गेले आहे. लाइट, म्हणजे स्टुडिओतला फ्लॅश, बिघडलेला नाही आणि कॅमेराही बिघडलेला नाही. कॅमेऱ्याने हाक दिली, लाइटने ओ दिली, मात्र तोवर शटर मिटू लागले होते.

कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, उघडतो आणि दुसरा त्याच्या मागून येऊन तो झाकतो. सेकंदाच्या 1/200 किंवा 1/250 भागापर्यंत, म्हणजे कॅमेऱ्याच्या सिंक वेगापर्यंत, असा एक क्षण मिळतो की ज्यात सेन्सर पूर्ण उघडा असतो. त्याहून जलद वेग लावला, तर पहिला पडदा शेवटाला पोहोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो आणि सेन्सरवरून उघडी फटच तेवढी सरकत जाते. स्टुडिओ फ्लॅशचा प्रकाश साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन विझतो, त्यामुळे त्या वेळी जो भाग झाकलेला असेल तो काळा राहतो. आडव्या छायाचित्रात ही पट्टी तळाशी दिसते. कॅमेरा उभा धरला की ती कडेला जाते.

(पडद्यावर : कॅमेऱ्याच्या कडेचे रबरी झाकण उघडून आतले छोटे गोल भोक.)

कॅमेऱ्यातून लाइटला इशारा देण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत सरळ मार्ग म्हणजे सिंक कॉर्ड. ती ज्या भोकात बसते त्याला पीसी सॉकेट म्हणतात. हे नाव ऐकून संगणक आठवतो, पण प्राँटर आणि कॉम्पूर या दोन जर्मन शटरांच्या आद्याक्षरांवरून ते पडले आहे. शटर उघडताच आतले दोन संपर्कबिंदू जुळतात आणि लाइटचे सर्किट पूर्ण होते; या कामाला बॅटरी लागत नाही आणि उशीरही होत नाही. कॉर्डच्या लाइटकडच्या टोकाला बहुधा 6.35 मिलिमीटरची जॅकपिन असते, म्हणजे गिटार अॅम्प्लिफायरला जोडतात तीच. ही पिन तुटली, तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत नवी मिळते आणि सोल्डरिंग येणाऱ्याला ती बसवायला फार वेळ लागत नाही. कॅमेऱ्याकडचे टोक मात्र नाजूक असते. कोणाचा पाय वायरीत अडकला की पहिला झटका तिथेच बसतो, आणि वायरीला अडकून स्टँडवरचा जड लाइट कोसळला तर समोर बसलेल्या माणसाला इजा होऊ शकते. म्हणून कॉर्ड स्टँडच्या पायाशी एक वेढा देऊन घ्यावी आणि जमिनीवर चिकटपट्टीने बसवावी.

(पडद्यावर : कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा हॉट शू, मधला गोल संपर्कबिंदू अगदी जवळून.)

अनेक नव्या कॅमेऱ्यांना पीसी सॉकेट नसते, पण हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, असते. तिच्या मधल्या बिंदूतून तोच इशारा मिळतो. इथे जरा थांबायला हवे, कारण नवखा छायाचित्रकार सर्वांत महागडी चूक करतो ती इथेच. फ्लॅशच्या काचेच्या नळीत झेनॉन वायू असतो आणि तो पेटवण्यासाठी लाइटमधल्या ट्रिगर सर्किटला उच्च दाबाचा ठोका द्यावा लागतो. जुन्या लाइटांत या सर्किटचा 200 ते 300 व्होल्टचा दाब थेट सिंकच्या तारेवर येत असे. त्या काळच्या यांत्रिक संपर्कबिंदूंनी तो सोसला, पण आजच्या कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच तेवढा सोसतीलच असे नाही. आंतरराष्ट्रीय मानकात 24 व्होल्टची मर्यादा आहे. काही कॅमेरे 250 व्होल्टपर्यंत चालवून घेतात, तर काही जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची मर्यादा अवघी 6 व्होल्ट होती. वडिलांच्या काळातला लाइट माळ्यावरून खाली काढला असेल, तर तो पूर्ण चार्ज करून सिंकच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावावा. आकडा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा मोठा आला, तर त्या लाइटची वायर कॅमेऱ्याला मुळीच जोडू नये.

असा जुना लाइट वापरण्याचा सुरक्षित उपाय म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह. लाइटवरचा हा छोटा डोळा दुसरा फ्लॅश चमकला की स्वतःचा लाइट पेटवतो. कॅमेऱ्यावर एक लहान फ्लॅश अगदी कमी ताकदीवर, छताकडे तोंड करून ठेवला तरी स्टुडिओतले सगळे लाइट त्याच्याबरोबर चमकतात. हा लहान फ्लॅश मॅन्युअलवरच, म्हणजे ताकद हाताने ठरवून, ठेवायला हवा. टीटीएलवर, म्हणजे ताकद आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीवर, असला, तर तो खऱ्या प्रकाशाआधी अंदाज घेण्यासाठी एक बारीक चमक सोडतो, स्लेव्ह तिलाच फसतो आणि शटर उघडेपर्यंत मोठे लाइट चमकून रिकामे झालेले असतात. भर उन्हात हा डोळा मंदावतो, आणि लग्नमंडपात तर पाहुण्यांच्या फ्लॅशनेही आपले लाइट पेटत राहतात. इन्फ्रारेड ट्रिगर, म्हणजे अदृश्य किरणांनी लाइटला इशारा देणारे यंत्र, हाही बंद खोलीत चांगला चालतो, पण उन्हात त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

(पडद्यावर : हॉट शूवर बसवलेला रेडिओ ट्रिगर, त्याच्या पडद्यावर चॅनेल आणि ग्रुप.)

आज बहुतेक स्टुडिओंत रेडिओ ट्रिगर असतो, आणि ते योग्यच आहे. 2.4 गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या या यंत्राला लाइट समोर दिसावा लागत नाही. सॉफ्टबॉक्सच्या, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी खोक्याच्या, मागे किंवा दाराआड ठेवलेला लाइटही त्याचे ऐकतो. शेजारच्या स्टुडिओतही त्याच बनावटीचा ट्रिगर असेल, तर चॅनेल बदलून घ्यावा. मात्र इशारा हवेतून जाऊन पोहोचेपर्यंत यंत्रांत किंचित वेळ जातो. साध्या ट्रिगरमध्ये एवढ्या विलंबानेही सिंक वेगावर काळी पट्टी उमटू शकते, म्हणून 1/125 वर काम करणे बरे. अंधाऱ्या स्टुडिओत त्याने काहीही बिघडत नाही, कारण छायाचित्राला लागणारा प्रकाश फ्लॅशचाच असतो.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. मूक शटर, म्हणजे आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर, चालू असेल, तर अनेक कॅमेरे फ्लॅशला इशाराच देत नाहीत. तसेच 1/125, एफ 8 आणि आयएसओ 100 लावताच कॅमेऱ्याचा स्क्रीन काळाठिक्कर दिसतो, कारण फ्लॅश चमकल्यावर किती उजेड पडणार हे कॅमेऱ्याला आधी कळत नाही. अशा वेळी एक्सपोजरचा, म्हणजे किती प्रकाश टिपला जाणार याचा, परिणाम स्क्रीनवर दाखवणारी सेटिंग बंद करावी.

(पडद्यावर : ट्रिगरचे टेस्ट बटण दाबणारे बोट. लाइट चमकतो.)

इतके करूनही लाइट चमकला नाही, तर आधी ट्रिगरचे टेस्ट बटण दाबावे. त्यावर लाइट चमकला, तर रेडिओ, बॅटरी आणि लाइट ठीक आहेत आणि अडचण कॅमेऱ्याच्या बाजूला आहे. मूक शटर बंद असल्याची खात्री करून ट्रिगर काढावा, शूमधला गोल बिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावा, ट्रिगर पार शेवटपर्यंत सरकवून त्याचे लॉक घट्ट करावे आणि मग पुन्हा शटर दाबून पाहावे.