घाम नको, श्वास मोजा

मंडळी, उन्हाळ्यात कमाटीबागेत सकाळी फिरून आल्यावर टी-शर्ट पिळून निघाला, की आपण समाधानाने म्हणतो, ‘आज चांगल्या कॅलरी जळल्या.’ मे महिन्यात बडोद्यात नुसतं बसलं तरी घाम निथळतो. घाम शरीर थंड ठेवण्यासाठी येतो. शरीराचा खर्च किती झाला, ते श्वास सांगतो.

अन्न जाळायला शरीराला प्राणवायू लागतो. 1780च्या दशकात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं आणि त्याने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी ताडून पाहिलं. कोळसा जळताना जो हिशेब लागतो, तोच इथेही जवळपास लागला. प्राणवायू मोजला की उष्णता कळते, हे आजही कॅलरींच्या सगळ्या मोजमापाचं मूळ आहे.

विश्रांतीचा खर्च मोजायचा तर माणसाला बारा तास उपाशी ठेवतात. सकाळचा चहासुद्धा नाही. अर्धा तास उताणं निजवायचं, खोली फार गरम नको, फार गार नको, आणि झोप लागू द्यायची नाही. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि सोडलेला सगळा श्वास एका मोठ्या पिशवीत. ही पिशवी 1911 साली डग्लस या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आणली. हल्ली डोक्यावर पारदर्शक टोप ठेवतात आणि यंत्र पुढचं बघतं. आत जाणाऱ्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के, बाहेर येणाऱ्या हवेत 16-17. मधला फरक शरीराने वापरला.

साठ किलोचा माणूस पडल्यापडल्या मिनिटाला साधारण 200 मिलिलिटर प्राणवायू वापरतो. एका लिटरमागे पाचेक किलोकॅलरी धरा. म्हणजे मिनिटाला एक, दिवसाला चौदाशेच्या आसपास. काही न करता! मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंड यांचं काम एक क्षणही थांबत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या दिवसभराच्या खर्चातला मोठा वाटा हाच.

आता चालणं घ्या. हाच माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण शंभर किलोकॅलरी लागतात. पण त्यातल्या तीस घरी लोळत पडला असता तरी लागल्याच असत्या. चालण्याच्या नावावर जमा सत्तर. दीड चहाचा चमचा तेलात तेवढ्या असतात. हे ऐकून कोणी चालणं सोडू नये. साखर, रक्तदाब, गुडघे यांच्यासाठी ते हवंच. फक्त फिरून येताना शेव-उसळ खाऊन ‘जिरली’ म्हणू नये.

मनगटावरचं घड्याळ प्राणवायू किती वापरला ते मोजत नाही. ते नाडीचे ठोके, हालचाल, वय, वजन यांवरून अंदाज बांधतं. उकाड्यात त्याच चालीला ठोके वाढतात, आणि घड्याळ जास्त आकडा दाखवू शकतं. घामाने जी फसगत होते, तीच इथे आकड्यांत होते.

मोजून बघायची वृत्ती आपल्या बडोद्याला नवी नाही. डभोईला जन्मलेले स्वामी कुवलयानंद इथल्या जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांकडे शिकले आणि 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. प्राणायामाबद्दल नुसती श्रद्धा पुरे न मानता त्यांनी तिथे श्वासातल्या वायूंचं मोजमाप केलं. व्यायामाबद्दल कोणी काही छातीठोकपणे सांगितलं, की ‘मोजलंत का?’ हा प्रश्न आपणही विचारावा असं मला मनापासून वाटतं.

पिशवी आणि यंत्र घरी नसतं, हे खरं. पण श्वास आहेच. चालताना शेजारच्याशी बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये, इतपत दम लागला तर व्यायाम मध्यम जोराचा झाला. गाणं जमत असेल तर पावलं थोडी उचला. बोलणंही तुटत असेल तर तो जोराचा व्यायाम. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथवर जाऊ नये.